सहा वाजता

साहेबांनी ऑक्टोबरातच सांगून टाकलं,
टोर्गुन, या वर्षी नाताळची पार्टी तू बघ.
आठवणीत राहील अशी कर.
आणि खर्च गेल्या वर्षीएवढाच.

गेल्या वर्षीची तशी आठवते सगळ्यांना.
एस्किल भाषण करायला टेबलावर चढला
आणि टेबलासकट खाली आला.
तेवढंच. बाकीचं बिल माझ्याकडे आहे, फाइलीत.

मी कागद घेतला, रकाने पाडले.
डुकराच्या बरगड्या एकतीस, मेंढीच्या बावीस.
मासा कुणालाच नको.
दिवसभर कॉडच्या पोटात हात घालणाऱ्याला
सणाला ताटात कॉड वाढू नये,
एवढं हिशेबनिसालाही कळतं.
शिवनेशनचा शुक्रवार, म्हणजे फक्त भाजी.
दाइवाला दारू सोडून एकशे बारा दिवस झालेत;
ते तिने मला जिन्यात सांगितलं,
वर म्हणाली, यादीत लिहू नकोस.
मी लिहिलं : संत्र्याचा रस, जास्तीचा.

हॉल ठरला. मेणबत्त्या ठरल्या.
शुक्रवार, संध्याकाळी सात.
मग हजेरीचा तक्ता काढला
आणि तिथेच गाडं अडलं.

रात्रपाळीला दहाला कामावर यायचं असतं,
तेही शुद्धीवर.
बोटी सण पाळत नाहीत.
अकरा वर्षं पार्टी म्हणजे दिवसपाळीची पार्टी,
रात्रपाळीला उरलेला केक,
वर चिठ्ठी : घ्या हं.
त्या चिठ्ठ्या मीच लिहायचे.
सुवाच्य अक्षरात.

खुर्च्या मोजायला खाली गेले,
तर सतरा नंबरचा लॉकर सताड उघडा.
दाराच्या आत पट्ट्याच पट्ट्या चिकटवलेल्या,
दोन अक्षरं, एक गोल, एक काटेरी :
सुरी बोथट झालीय.
धार लावली.
स्टूल डुगडुगतं.
खाली लाकूड ठोकलंय.
आईचं ऑपरेशन झालं?
झालं. भात खाते आता.
मारेत दिवसा, प्रानी रात्री,
चार वर्षं एकच खुंटी, एकच स्टूल.
सहाला एक जाते, सातला दुसरी येते,
मधला तास यंत्रं धुण्याचा.
दुकानात दुधाच्या फ्रीजपाशी
धक्काही लागला असेल एकमेकींचा;
नाव काय कपाळावर लिहिलेलं असतं?

मी खिडकीशी उभी राहिले.
दुपारचा एक. बाहेर शाई.
सूर्य आमच्याकडे दोन महिने रजेवर असतो,
पगारी असावी, विचारलं नाही कधी.

साहेब म्हणाले, सकाळी सहाला? पार्टी?
मी म्हटलं, बाहेर बघा आणि सांगा किती वाजलेत.
त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
मग बराच वेळ माझ्याकडे.
आणि दारू?
कॉफी, म्हटलं. दिवसपाळी एक तास आधी येईल,
कामाला नऊला लागेल.
दोन तासांचा मासा बर्फात थांबेल.
हॉलचं भाडं वाचतंय.
हे शेवटचं वाक्य त्यांना पटलं.

बरगड्या खोडल्या. सकाळी सहाला बरगड्या कोण चावणार?
तांदळाची खीर, मोठ्या पातेल्यात, वर दालचिनी,
आत एकच बदाम, रिवाजाप्रमाणे;
ज्याला सापडेल त्याला मार्झिपॅनचं डुक्कर.
शिवनेशनने विचारलं, ते डुक्कर चालेल ना मला?
म्हटलं, ते बदामाचंच असतं रे.

जागा नावाने नाही लावल्या. लॉकरच्या नंबराने.

सहाला भोंगा झाला. एक दार उघडलं, मग दुसरं.
बर्फ झटकत काही आत आले,
काही ओल्या बुटांनी, डोळे चोळत.
सतरासमोर सतरा बसली.
दोघींनी आधी हातच पाहिले एकमेकींचे,
तीच चिरलेली बोटं, तोच मलमाचा वास.
मी चमचे वाटत होते, म्हणजे वाटायचं निमित्त करत होते.

खूप वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग मारेत म्हणाली,
ते लाकूड पुन्हा निघालंय.

प्रानीच्या गालात काहीतरी कडक होतं, बहुतेक बदाम.
तोंड न उघडता
तिने मान हलवली : माहीत आहे.